उतरंडीवरचं बोळकं

एका गावात एक कुंभार राहायचा आणि त्याची कुंभारीण राहायची. कुंभाराचं नाव तुळाजी, कुंभारणीचं नाव हौसा. घरात सून होती पारू. पारूची लेक होती चिंगी, जी बोलायला लागल्यापासून कधी गप्प बसली नव्हती. तुळाजी-हौसाचा मुलगा, म्हणजे पारूचा नवरा, होता महादू. पण नुसत्या मडक्यांवर एवढ्या तोंडांचं कसं भागणार, म्हणून तो शहरात फरशीच्या कारखान्यात गेला होता. मागे राहिलं एक चाक आणि तुळाजीचे दोन पाय. चाक हाताने फिरतं खरं, पण चाकावर चढायच्या आधी माती पायाने तुडवावी लागते. लोण्यासारखी होईपर्यंत तुडवावी लागते. म्हणजे सगळं घर त्या दोन पायांवरच उभं होतं म्हणा ना.

हौसा कामाला वाघीण. तिचा एक नेम होता. घरातलं कुठलंही भांडं रितं करायचं नाही. ज्वारी काढली तरी तळाशी मूठभर ठेवायची. डाळ काढली तरी पसाभर ठेवायची. गुळाचा शेवटचा खडा कुणाच्या बापाला मिळायचा नाही. "भांडं रितं झालं की घरातली बरकत उठून जाते," असं तिला तिच्या आईने सांगितलं होतं, आईला तिच्या आईने. आणि नेम काही खोटा नव्हता. एका साली पावसाने दगा दिला तेव्हा ह्याच मुठीमुठीवर घर तगलं होतं. तेव्हापासून हौसाच्या नेमाला गल्लीत मान होता.

कुंभाराचंच घर ते, त्यामुळे उतरंड अशी की बघत राहावं. खाली रांजणाएवढं मडकं, त्यावर त्याहून धाकटं, त्यावर त्याहून धाकटं, आणि अगदी माथ्यावर मुठीत मावेल असं एक बोळकं. त्या बोळक्यात काय असायचं? औषधं. कुणाच्या तापातल्या उरलेल्या गोळ्या, कुणाच्या खोकल्यातल्या. कापलेल्या पाकिटांचे तुकडे, तांबड्या-पिवळ्या कॅप्सूल, कशावरचं नाव पुसलेलं, कशावरचं फाटलेलं. हौसाला वाचता येत नव्हतं, पण रंग कळायचे. पांढरी बारक्या दुखण्याला, तांबडी-पिवळी मोठ्या दुखण्याला. एवढी तिची विद्या.

गल्लीतल्या बायका यायच्या. शेजारची केराबाई तर उठता-बसता यायची.

"आक्का, अंग मोडून आलंय बघ. तुझ्या बोळक्यात हाय का काही?"

"हाय की. माझ्या दारातनं कुणी रिकामं गेलंय का कधी?"

तुळाजी चाकावरून मान न वळवता म्हणायचा, "गावात दवाखाना एकच. पण आमच्या उतरंडीवर त्याची शाखा हाय."

बायका हसायच्या. हौसा पदर सावरायची. तिला ते आवडायचं.

भादवा लागला. नवरात्र जवळ आलं. नवरात्रात घरोघर घट बसतात, आणि घट लागतो तो मातीचाच. कुंभाराच्या घरात वर्षाचा घास पिकतो तो ह्याच दिवसांत. शिवाय त्या साली बाजारपेठेतल्या देवीच्या देवळाने सांगितलं होतं की औंदा सगळे घट तुळाजीकडूनच घेऊ. तुळाजीने चिखल केला आणि उतरला त्यात. तुडवता तुडवता त्याच्या टाचेत काहीतरी घुसलं. काढून बघतो तर खापराचा तुकडा. त्यांच्याच घरातलं कधी काळी फुटलेलं मडकं, मातीत पडून राहिलेलं, धार लावल्यासारखं.

"आपलंच मडकं आपल्याला चावलं," असं म्हणून तो हसला. जखमेवर हळद दाबली आणि पुन्हा चिखलात उतरला.

पण पाय काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सुजला, लाल झाला, ठणकायला लागला, पू धरला. तेव्हा हौसाने त्याला दवाखान्यात नेलं. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. वयाने लहान, पण बोलणं शांत. त्यांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि औषध देण्याआधी विचारलं, "काका, याआधी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं का? दम लागला होता? तोंड सुजलं होतं?"

"न्हाई बाई. मला सुजलेला हा पायच पहिला."

मग बाईंनी कॅप्सूलचं पाकीट दिलं. "सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवल्यावर, पाण्याबरोबर. एखादी राहून गेली तर आठवेल तेव्हा घ्या, पण दोन एकदम घेऊ नका. आणि मावशी, हे नीट ऐका. बरं वाटलं तरी पाकीट संपेपर्यंत द्यायचं. अर्धं सोडायचं नाही, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. आणि जखम कोरडी राहू दे, तोवर चिखलात जायचं नाही."

हौसाने मान हलवली. घरी आल्यावर तिने वेळा पक्क्या केल्या. सकाळची भाकरी झाली की एक, सांजेचा दिवा लागला की एक. घड्याळाशिवाय, पण एकही चुकली नाही. पाय उतरायला लागला. ठणका गेला. जखमेने तोंड मिटलं. तुळाजी अंगणात चालायला लागला, मग चाकावर बसला, आणि एका सकाळी हळूच चिखलात उतरला.

हौसाने पाकीट हातात घेतलं. चार-पाच कॅप्सूल अजून होत्या. तिचा हात आपोआप उतरंडीकडे गेला.

"अगं, बाई काय म्हणाल्या होत्या? संपव म्हणाल्या ना?" तुळाजी म्हणाला.

"त्यांचं काय जातंय? चांगला चालताय की. बऱ्या माणसाला औषध चारायचं म्हंजे पोट भरलेल्याला ताट वाढायचं. राहू दे चार. बरकत ऱ्हाती."

तुळाजी पुन्हा चिखल तुडवायला लागला. बायकोच्या नेमापुढे त्याचं कधीच काही चाललं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही गोळ्यांचा कंटाळा आला होता. उरलेल्या कॅप्सूल गेल्या बोळक्यात.

पण बोळक्यात गेलेलं तिथं थोडंच राहतं? दुसऱ्याच दिवशी केराबाई आली, कंबर धरून. एक तिला गेली. मग चिंगीला सर्दी झाली. नाक गळतंय, पण तोंड चालूच. हौसाने एक कॅप्सूल फोडली, अर्धी पूड मधात कालवली आणि नातीच्या जिभेवर ठेवली. सर्दी होती तिथंच राहिली. पोट मात्र बिघडलं, आणि चिंगी दिवसभर परसाकडे पळत राहिली.

पारू सुनेच्या मर्यादेत राहणारी. तरी त्या दिवशी तिच्याच्याने राहवलं नाही.

"आत्याबाई, ते मामंजींचं औषध. मोठ्या माणसाचं. पोरीला कशाला दिलंत?"

"अर्धंच दिलं की गं. पोर अर्धी, औषध अर्धं."

 त्या दिवसापासून चिंगीला खोकला आला तरी पारू पदराने तिचं तोंड झाकायची, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून.

इकडे घट निम्मे झाले होते. सावलीत वाळत ओळीने मांडलेले, जशी काही पंगतच बसलीय. आणि पायाचं दुखणं उलटलं. ह्या खेपेला पाय नुसता सुजला नाही, पेटला. टाचेपासून पोटरीकडे लाल रेघ चढली. तुळाजी तापाने फणफणला. हौसा धावली ती उतरंडीकडे. बोळकं उपडं केलं. तांबड्या-पिवळ्यांतल्या दोनच शिल्लक होत्या. बाकीच्या वाटून झाल्या होत्या. तिने त्या दिल्या. तापाने ढुंकून पाहिलं नाही.

तेव्हा तिने बाकीच्या गोळ्या पुन्हा बोळक्यात भरल्या आणि ते कमरेला खोचलं. का खोचलं ते तिचं तिलाही कळलं नाही. शेजाऱ्याची बैलगाडी जुंपून तुळाजीला दवाखान्यात नेलं.

दवाखान्याच्या बाकावर अर्धी गल्ली बसलेली. केराबाईसुद्धा होती. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, आधीचं औषध पूर्ण घेतलंत ना? पाकीट संपवलंत?"

तुळाजीने एकदा हौसाकडे पाहिलं, एकदा बाकावरच्या बायकांकडे पाहिलं. मग तापलेल्या ओठांनी म्हणाला, "संपवलं की बाई. सगळं संपवलं."

"म्हणजे त्या औषधाला हे जंतू दादच देत नाहीत. मग सगळा विचार वेगळाच करावा लागेल," असं म्हणत बाईंनी लिहायला कागद ओढला.

हौसाने तो कागद पाहिला. तिला अक्षर येत नव्हतं, पण एवढं कळत होतं की आता जे काही लिहिलं जाईल ते खोट्याच्या पायावर लिहिलं जाईल, आणि ते खोटं येऊन लागेल ह्याच पायाला. गप्प बसलं तर गल्लीतला मान राहील. बोललं तर पाय राहील. एका बाजूला बाकावरच्या सगळ्या बायका होत्या, दुसऱ्या बाजूला जन्मभर माती तुडवणारी ती एक टाच.

"थांबा बाई, ल्हिऊ नका," हौसा म्हणाली. "हे माझी अब्रू राखायला खोटं बोलत्यात. औषध संपलं न्हाई. मीच राखून ठेवलं, आणि मीच वाटलं." आणि कमरेचं बोळकं काढून तिने टेबलावर ठेवलं.

बाकावरच्या माना बोळक्याकडे वळल्या. मग केराबाईचा आवाज आला, "म्हंजे आक्का, मला दिलीस ती तुळाजीभावजींच्या वाटची व्हय?"

"व्हय गं."

"तरीच! माझी कंबर काही मोकळी झाली न्हाई, म्हटलं औषधच खोटं!"

तापातल्या तुळाजीलाही हसू आलं. हौसाच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी बोळक्यातली एक एक गोळी बाहेर काढून मांडली आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही खरं सांगितलंत, त्याने माझं निम्मं काम झालं. आता ऐका. काकांना दिलेल्या त्या कॅप्सूल जंतू मारायच्या. पू झालेली जखम, छातीत साचलेला कफ, कानातला पू, असलं काही असलं की तपासून आम्ही त्या देतो. कंबरदुखीवर त्यांचा काही उपयोग नाही. साधी सर्दी तर आपल्या पायाने येते आणि आपल्या पायाने जाते. आणि जखमेतले जंतू सगळे एकदम मरत नाहीत. दुबळे आधी मरतात, तेव्हा आपल्याला बरं वाटतं. चिवट मागे राहतात. तेवढ्यात औषध थांबलं की त्यांना रान मोकळं. तसे ते पुन्हापुन्हा वाचत गेले की एक दिवस हे औषधच त्यांना लागू होत नाही. ना तुम्हाला, ना गावाला."

हौसा ऐकत होती. बायकाही ऐकत होत्या.

"आणि एखाद्या माणसाला हेच औषध सोसत नाही. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो. म्हणून मी देण्याआधी विचारते. तुमचं बोळकं विचारतं का?"

"बोळकं काय इचारणार बाई," हौसा म्हणाली. "ते मातीचं."

बाईंनी मग वेळ घालवला नाही. चिठ्ठीत खरं ते सगळं लिहिलं, आणि तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात तुळाजीला पाठवलं. तिथं त्याची जखम उघडून साफ केली, पू तपासायला नेला, शिरेतून औषध सुरू केलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. पाय वाचेल." हौसाने तिथल्या तिथं जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

पारूने महादूला फोन केला. तो मिळेल त्या गाडीने निघाला आणि थेट बापाच्या उशाशी आला. तुळाजीने पहिला शब्द काय काढावा? "निम्मे घट राहिलेत रं."

"पाय राहिला, ते बघा की."

"पाय राहिला म्हणूनच घट आठवले."

महादू घरी आला. त्याने आधी सगळी माती हाताने चाळली. मूठ-मूठ चाळली, एक खापरी शिल्लक ठेवली नाही. मग चिखल केला, तुडवला, आणि चाकावर बसला. पहिले दोन घट वाकडे आले. चिंगी म्हणाली, "बाबा, ह्यांना बसवायचं कुठं? हे तर आधीच निजलेत." तिसरा सरळ आला. त्यानंतरचे सगळे सरळ आले. फरशीच्या धुळीत एवढी वर्षं गेली, पण बोटं काही विसरली नव्हती.

तालुक्याला तुळाजीपाशी पारूचा भाऊ बसला आणि हौसा घट भाजायचा आवा पेटवायला घरी आली. घट रचले, गोवऱ्या रचल्या, वर खापरांचं पांघरूण घातलं, खालून जाळ सुरू केला. दुपार कलली. फटीतून वरचे घट दिसायला लागले, लालबुंद, गाजरासारखे.

"आत्याबाई, झाले की! थांबवू का जाळ? उरलेल्या गोवऱ्या चुलीला व्हतील," पारू म्हणाली.

"खुळी काय तू? वरचं लाल दिसलं म्हणून झालं व्हय? पोटातले अजून कच्चे असत्यात. आता जाळ थांबवला तर पाणी घालताच विरघळून..."

हौसा बोलता बोलता थांबली. हातातली गोवरी हातातच राहिली. पारू बघत होती. 

मग हौसा हळू आवाजात म्हणाली, "पारू, मी जन्मभर दोन नेम पाळले गं. दाणा राखायचा नेम, आणि आवा शेवटपर्यंत जाळायचा नेम. दोन्ही खरे. पण त्यांच्या औषधाला मी दाण्याचा नेम लावला. लावायचा होता आव्याचा." तिने ती गोवरी आत सारली. तिच्यामागून दुसरी सारली. सगळ्या गोवऱ्या सरेपर्यंत ती आव्याच्या तोंडाशी बसून राहिली.

मग उठली, चिंगीला जवळ घेतलं आणि सुनेला म्हणाली, "हिला खोकला आला तर तोंड झाकत जाऊ नको. माझ्या हातात आता काही न्हाई." पारू लाजली. सासूला सगळं दिसत होतं, ते तिला तेव्हा कळलं.

तुळाजी घरी आला तो काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. बरोबर नव्या गोळ्यांचं पाकीट होतं. सकाळची भाकरी झाली की हौसा गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे उभी. सांजेचा दिवा लागला की पुन्हा उभी. पाय भरून आला, खपली पडली, ताप तर केव्हाच विसरला. पाकिटात थोड्या गोळ्या राहिल्या तेव्हा तुळाजीला थट्टा सुचली.

"आता मी ठणठणीत हाय. राख की चार बोळक्यात. बरकत ऱ्हाती."

"दाण्याची बरकत दाण्यापाशी," हौसा म्हणाली. "हा दाणा न्हवं, हा जाळ हाय. आ करा."

शेवटची गोळी त्याच्या घशाखाली उतरली. हौसाने रिकामं पाकीट उलटं करून झटकलं. आत काहीच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तिने घरातलं काहीतरी तळापर्यंत संपवलं होतं, आणि तिच्या जिवाला रुखरुख लागली नाही. "सरलं!" ती मोठ्याने म्हणाली. "सगळं सरलं, बरं झालं!" तुळाजीचा पाय तपासून डॉक्टरीणबाईंनीही दुखणं सरल्याचंच सांगितलं.

बोळक्यातल्या जुन्या गोळ्या हौसाने दवाखान्यातच सोडल्या होत्या. उकिरड्यावर टाकल्या असत्या तर कोंबड्यांनी टिपल्या असत्या, नदीत टाकल्या असत्या तर पाण्यात गेल्या असत्या. बाई म्हणाल्या होत्या, आमच्याकडे द्या, आम्ही नीट विल्हेवाट लावतो.

आणि केराबाई? ती आलीच, गुडघा धरून. सवयीने उतरंडीकडे बघितलं. माथ्यावर बोळकं नव्हतं.

"आक्का, रिकाम्या हातानं पाठवतेस व्हय?"

"रिकामी कशाला पाठवीन?" हौसाने पायात वहाणा सरकवल्या. "चल, मी येते दवाखान्यात तुझ्यासंगं. तू बस, मी नंबर लावते." तेव्हापासून गल्लीतल्या बायका दवाखान्यात जाताना हौसाला बरोबर न्यायला लागल्या. बाईंनी काय सांगितलं ते हौसा एकदा ऐकायची आणि घरी जाईपर्यंत तोंडपाठ म्हणून दाखवायची. कुणाची वेळ भाकरीला, कुणाची दिव्याला. तिचा मान गेला नाही. उलट वाढला.

घटस्थापना आली. देवळाचे घट गेले, गावाचे गेले, शेजारच्या दोन गावांचेही गेले. फक्त घरचा घट बसायचा राहिला होता. हौसाने ते बोळकं घासूनपुसून घेतलं, त्यात काळी माती भरली, आणि उतरंडीतल्या मुठीमुठीतले दाणे काढून त्यात पेरले. चिंगीने रोज पाणी शिंपडलं, आणि रोज त्या दाण्यांशी गप्पा मारल्या. दसऱ्यापर्यंत त्या मुठीएवढ्या बोळक्यातून असे पिवळेजर्द कोंब वर आले की केराबाईसुद्धा म्हणाली, "आक्का, शेवटी लागू पडलं बघ तुझं बोळकं!"

दसऱ्याला तुळाजी काठी न घेता सोनं लुटायला गेला. परत आला तर महादू चाकापाशी बसून माती चाळत होता.

"अरं, तुझी गाडी किती वाजता हाय?"

"गाडी गेली बाबा," महादू म्हणाला. "देवळानं दिवाळीच्या पणत्या सांगितल्यात. पायांच्या एका जोडीनं कशा व्हायच्या?"

तुळाजीने धोतर वर खोचलं, आणि बाप-लेक दोघं मिळून चिखलात उतरले.

तात्पर्य: दाणा राखावा, औषध राखू नये. वैद्याने ज्याला, जितकं आणि जोवर सांगितलं, ते त्यानेच, तितकंच आणि तोवर घ्यावं. आणि चूक झालीच तर ती वैद्यापासून लपवू नये, कारण खरं सांगणाऱ्यालाच औषध लागू पडतं.